पलीकडे माणूस आहे का?

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, किंवा जे हेडफोन घरी विसरून लोकलमध्ये उभे आहेत, त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलताना मी जिथे अडखळले ते काढून टाकलंय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका छोट्याशा खिडकीचा आहे. अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या लायब्ररीची साइट मोबाइलवर उघडा. खाली कोपऱ्यात बहुतेक वेळा एक बटण दिसेल : ‘ग्रंथपालाला विचारा’. दाबलंत की चॅट उघडतं. आपल्याला बँकेच्या आणि जेवण मागवायच्या ॲपची सवय, त्यामुळे वाटतं, असेल बॉट. पण तिथे बऱ्याच ठिकाणी अजूनही हाडामांसाचा लायब्रेरियन बसलेला असतो. लोकांचा विश्वासच बसत नाही. प्रश्न राहतो बाजूला आणि आधी टाइप करतात, ‘तू खरा माणूस आहेस का?’

आता मला भुरळ पडली ती वेगळ्याच गोष्टीची. फुकटात, रात्री-अपरात्री, कुठल्या अनोळखी पोराच्या प्रोजेक्टसाठी एक शिकलेला माणूस चॅटवर बसलाय, हे कुणाला सुचलं? आणि हे टिकलं कसं?

त्यासाठी आधी १८७६ सालात जावं लागेल. तेव्हा इंटरनेट सोडा, टेलिफोनचं पेटंटही नुकतंच निघालेलं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेतले ग्रंथपाल जमले आणि त्यांची संघटना स्थापन झाली. तिथे वुस्टर नावाच्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल सॅम्युएल स्वेट ग्रीन यांनी एक निबंध वाचला. विषय होता, ग्रंथपाल आणि वाचक यांचे व्यक्तिगत संबंध. आज ऐकायला अगदी साधं वाटतं. पण तोवर ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांचा राखणदार. पुस्तकं सांभाळायची, यादी करायची, चिठ्ठी आली की पुस्तक काढून द्यायचं. आपल्याकडे जुन्या वाचनालयात तुम्ही कधी गेला असाल तर हा प्रकार माहीत असेल. काउंटरच्या अलीकडे आपण, पलीकडे कपाटं, आणि मध्ये चष्म्यावरून बघणारे एक काका.

ग्रीन म्हणाले, लोकांना पुस्तकाचं नाव माहीत नसतं, त्यांच्याकडे फक्त प्रश्न असतो. तो प्रश्न घेऊन ते आले तर त्यांना मदत करणं हे आपलं काम आहे. गिऱ्हाईक काही न घेता दुकानातून गेलं की दुकानदाराला जशी चुटपुट लागते, तशी वाचक उत्तर न मिळता गेला तर ग्रंथपालाला लागली पाहिजे, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं होतं. आणि ग्रीन काही नुसते भाबडे नव्हते बरं का. त्यांनी त्याच निबंधात हेही सांगून टाकलं की, गावातल्या लोकांना ग्रंथालयाचा उपयोग दिसला, तर ग्रंथालयासाठी पैसे द्यायला ते खळखळ करणार नाहीत. हा पैशाचा धागा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपल्याकडे हीच गोष्ट एस. आर. रंगनाथन यांनी मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून १९३१ साली पाच सूत्रांत मांडली. त्यातलं चौथं सूत्र म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे सूत्रं तशीच, आखूड आणि नेमकी. त्यांच्यावर एक अख्खा एपिसोड होईल, म्हणून इथे फार थांबत नाही.

मग टेलिफोन आला. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात लोक फोन करून वाट्टेल ते विचारायचे, आणि १९६८मध्ये तर त्यांनी या कामासाठी वेगळा विभागच काढला. काही वर्षांपूर्वी तिथल्या लोकांना एक जुनी पेटी सापडली. आत कार्डं. १९४०च्या दशकापासून १९८०च्या दशकापर्यंत आलेल्या चमत्कारिक प्रश्नांची कार्डं कर्मचाऱ्यांनी कौतुकाने जपून ठेवली होती. २०१४च्या शेवटी ती इन्स्टाग्रामवर यायला लागली आणि २०१९मध्ये त्यांचं पुस्तकही निघालं. कुणी विचारलंय, हत्ती पाठीमागे लागल्याचं स्वप्न पडलं तर त्याचा अर्थ काय? कुणाला पापणीच्या केसाचं आयुष्य किती असतं ते हवंय. १९७६मध्ये एकाला पडलेला प्रश्न तर मला फारच आवडतो : अठराव्या शतकातल्या इंग्रजी चित्रांत एवढ्या खारी का असतात, आणि त्या चित्रकाराला चावू नयेत म्हणून त्यांना माणसाळवायचे कसे?

हसू येतं, पण हा प्रश्न मूर्ख नाहीये. त्या चित्रांत खरंच खारी आहेत. माणसाने चित्र नीट बघितलंय, त्याला काहीतरी खटकलंय, आणि ते विचारायला त्याच्याकडे हक्काचं एक ठिकाण आहे. आज आपण असा प्रश्न कुणाला विचारतो?

त्याच १९६८ साली आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा गाभा तीच आहे. रॉबर्ट टेलर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने ग्रंथपालांच्या मुलाखती घेऊन एक लेख लिहिला. त्याने म्हटलं, माणूस काउंटरवर जो प्रश्न विचारतो तो त्याचा खरा प्रश्न नसतो. प्रश्नाला चार पायऱ्या असतात. पहिली नुसती हुरहुर, काहीतरी कळत नाहीये, पण काय ते सांगता येत नाही. दुसरी, मनात धूसर आकार आलाय. तिसरी, वाक्य तयार झालंय. आणि चौथ्या पायरीवर आपण ते वाक्य आणखी कापतो. समोरचा काय देऊ शकेल याचा अंदाज घेऊन तडजोड करतो, आणि मग तोंड उघडतो. म्हणजे ग्रंथपालाच्या कानावर पडतो तो तडजोडीचा प्रश्न. तिथून त्याला मागे मागे जायचं असतं, त्या पहिल्या हुरहुरीपर्यंत. हे तो कसं करतो? उलट प्रश्न विचारून.

एक उदाहरण मीच रचून सांगते.

‘मला घोड्यांबद्दल माहिती हवी आहे.’
‘हो, बघू या. घोड्यांबद्दल नेमकं काय?’
‘इतिहासातले.’
‘कुठल्या काळातले?’
‘पेशव्यांच्या.’
‘कॉलेजचा प्रोजेक्ट आहे का? कधी द्यायचाय?’
‘हो. परवा. सर म्हणाले खर्च काढा.’
‘कसला खर्च?’
‘फौजेचा. म्हणजे घोड्याला चारा किती लागायचा, पैसे कोण द्यायचं वगैरे.’

बघा, घोड्यांवरून निघालो आणि मराठा फौजेच्या अर्थव्यवस्थेवर आलो. ‘घोडे’ हा शब्द सर्च बॉक्समध्ये टाकला असता तर हे कधीच सापडलं नसतं. आणि ‘परवा’ हा शब्दही महत्त्वाचा आहे. मुदत महिन्याची असती तर ग्रंथपालाने रियासतकार सरदेसायांनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांच्या ४५ खंडांकडे बोट दाखवलं असतं. परवा द्यायचंय म्हटल्यावर तो सुरेंद्रनाथ सेन यांचं मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरचं १९२८चं इंग्रजी पुस्तक देईल आणि म्हणेल, मागची सूची बघ, घोडदळाची पानं काढ, आज रात्री तेवढंच वाच.

तर हे उलट विचारणं समोरासमोर चालतं. फोनवरही चालतं, कारण आवाजातला अडखळा ऐकू येतो. टाइप करताना त्याचं काय होणार?

सुरुवात वाईटच झाली. १९८४मध्ये बाल्टिमोरला मेरीलँड विद्यापीठाच्या आरोग्यशास्त्र ग्रंथालयाने ईमेलवरून प्रश्न घ्यायला सुरुवात केली. या प्रकारच्या अगदी पहिल्या सेवांपैकी ही एक. पण ईमेलमध्ये ‘घोड्यांबद्दल नेमकं काय?’ हे विचारायला एक दिवस जातो आणि उत्तर यायला दुसरा. परवाचा प्रोजेक्ट तोवर बुडतो. १९९५मध्ये मिशिगन विद्यापीठात जोसेफ जेन्स या प्राध्यापकांनी आपल्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना घेऊन एक ग्रंथालयच इंटरनेटवर उघडलं, ज्याला इमारत नाही. १७ मार्चला ते सुरू झालं. तिथेही प्रश्न मुख्यतः ईमेलवर यायचे, पण त्या मंडळींनी एक गमतीदार प्रयोग केला. मू नावाच्या, फक्त अक्षरांनी बनलेल्या आभासी खोलीत ग्रंथपाल जाऊन बसायचे. तुम्ही टाइप करून ‘आत’ जायचं, टाइप करून बोलायचं. जुने कॉम्प्युटर गेम ज्यांनी बघितलेत त्यांना अंदाज येईल. ही खोली काही फार लोकप्रिय झाली नाही. ते ग्रंथालय मात्र हात बदलत २०१५पर्यंत चाललं.

खरी उडी २०००मध्ये. एकाच वर्षात दोन गोष्टी.

पहिली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची. त्यांची कल्पना अशी की, जगभरातल्या ग्रंथालयांचं जाळं करायचं, आणि एका ठिकाणी आलेला प्रश्न ज्याच्याकडे उत्तर असण्याची शक्यता जास्त त्याच्याकडे पाठवायचा. २९ जून २००० रोजी या जाळ्यातून पहिला प्रश्न गेला. तो आला इंग्लंडमधल्या एका सार्वजनिक वाचनालयातून, आणि विषय काय, तर प्राचीन बायझंटाइन साम्राज्यातला स्वयंपाक! प्रश्न जाऊन पोहोचला कॅलिफोर्नियात, सँटा मोनिकाच्या सार्वजनिक ग्रंथालयात, आणि काही तासांत तिथून पुस्तकांची यादी परत आली. दोन वर्षांनी, २००२मध्ये, याच कल्पनेतून ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेबरोबर ‘क्वेश्चनपॉइंट’ नावाची सेवा उभी राहिली. तिच्यात चॅटही आलं.

दुसरी गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे. स्टीव्ह कॉफमन नावाच्या एका ग्रंथपालाने १९९९च्या सुमारास लिहायला सुरुवात केली होती की, कपडे विकणाऱ्या कंपन्यांच्या कॉल सेंटरकडून आपण काहीतरी शिकलं पाहिजे. गिऱ्हाईक रात्री दोनला फोन करतं आणि उत्तर मिळतं, मग लायब्ररीत का नाही? आणि २०००मध्ये एलएसएसआय या कंपनीतून त्यांनी जे सॉफ्टवेअर ग्रंथालयांसाठी आणलं ते सरळ कॉल सेंटरचंच होतं, ई-गेन या कंपनीचं, थोडंफार बदललेलं. ई-गेन स्थापन केली आशुतोष रॉय आणि गुंजन सिन्हा या दोन भारतीयांनी, कॅलिफोर्नियात, १९९७मध्ये. आणि तिचं मोठं ऑफिस आज आहे आपल्या पुण्यात. मला हे समजलं तेव्हा मी दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले. पुण्या-मुंबईतली मुलं-मुली ज्या काळात रात्रपाळीच्या सुमोतून कॉल सेंटरला जायला लागली होती, त्याच काळात अमेरिकन ग्रंथपाल तशाच प्रकारच्या सॉफ्टवेअरसमोर बसून हायस्कूलच्या पोरांचा गृहपाठ सोडवायला शिकत होते.

या सॉफ्टवेअरमध्ये एक जादू होती. ग्रंथपाल आपल्या स्क्रीनवर जे पान उघडेल ते तुमच्याही स्क्रीनवर उघडायचं. म्हणजे हात धरून कपाटापर्यंत नेल्यासारखं. कल्पना उत्तम, पण प्रत्यक्षात ब्राउझर बंद पडायचे, डायल-अपवर जीव जायचा. आणि परवाना महाग. गंमत म्हणजे २००४मध्ये खुद्द कॉफमन यांनीच लिंडा अॅरेट यांच्याबरोबर एक लांबलचक लेख लिहून विचारलं, की हे चॅट खरंच करायला हवं का? खर्चाच्या मानाने वापर कमी आहे, आणि साधा टेलिफोन तर अजून आहेच की. आपणच आणलेल्या गोष्टीचा हिशेब असा जाहीर मांडणारा माणूस मला तरी भावतो.

पण तोवर पोरांनी निकाल लावून टाकला होता. ती सगळी मेसेंजरवर होती, एओएल, याहू, एमएसएन. मग ग्रंथालयंही तिथे गेली, फुकटात. २००६च्या आसपास मीबो नावाच्या एका साइटने असं विजेट दिलं की, लायब्ररीच्या पानावर चिकटवलं की झालं चॅट सुरू. शेकड्यांनी ग्रंथालयांनी ते चिकटवलं. जून २०१२मध्ये गुगलने मीबो विकत घेतलं, आणि पुढच्याच महिन्यात त्याच्या बहुतेक सेवा बंद. फुकटच्या खिडकीचं हे असं असतं. सुदैवाने तोवर दुसरा पर्याय तयार झाला होता, तोही घरगुती : नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या एका ग्रंथपालबाई आणि त्यांचे सॉफ्टवेअर लिहिणारे यजमान, या जोडप्याने शेजारच्या विद्यापीठांना रात्रीची पाळी वाटून घेता यावी म्हणून स्वतःच एक प्रणाली बनवली होती. ‘लायब्ररी हेल्प’ असं तिचं नाव, आणि ती पुढे बऱ्याच ठिकाणी गेली.

रात्रीच्या पाळीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण हा प्रश्न मोठा आहे. रात्री दोन वाजता कोण बसणार? याचं सगळ्यात सुंदर उत्तर मला सापडलं ते दवाखान्यांच्या ग्रंथालयांत. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातली आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातली आरोग्य ग्रंथालयं २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एकत्र आली आणि त्यांनी ‘सूर्याचा पाठलाग’ अशा नावाची सेवा काढली. इंग्लंडमध्ये रात्रपाळीच्या डॉक्टरला एखाद्या औषधाबद्दलचा लेख हवा असेल, तर उत्तर द्यायला ॲडलेडकडे दिवसाढवळ्या ग्रंथपाल बसलेला असायचा. आणि उलटही तसंच. कुणालाच जागरण नाही. पृथ्वी फिरते, त्याचा फायदा घ्यायचा, बस.

पण असं सगळीकडे जमलं नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने २००१मध्ये चोवीस तास चालणारी चॅट सेवा सुरू केली होती, देशातल्या सुरुवातीच्या राज्यव्यापी सेवांपैकी एक. २०११मध्ये पैसे आटले आणि ती बंद झाली. मघाशी ग्रीन काय म्हणाले ते आठवा. लोकांना उपयोग दिसला की पैसे मिळतात, हे त्यांचं गणित. चॅटची अडचण अशी की, तिथला ग्रंथपाल दिसतच नाही. गावातल्या वाचनालयात गेलात तर काकूंचं नाव तुम्हाला माहीत असतं. चॅटवर मदत करणारी व्यक्ती कदाचित तीन राज्यं पलीकडे बसलेली असते, आणि काम झालं की खिडकी बंद. मग बजेटच्या वेळी तिच्या बाजूने बोलणार कोण?

दिसत नसल्याची आणखी एक पंचाईत होती, रोजच्या कामातली. समोर उभा असलेला वाचक बघतो की बाई कपाट धुंडाळतायत. चॅटवर तीच बाई दोन मिनिटं शोधत असेल तर पलीकडच्याला फक्त रिकामी खिडकी दिसते. त्याला वाटतं, गेली सोडून. म्हणून चॅटवरच्या ग्रंथपालांना पहिल्यांदा शिकवलं गेलं की, दर थोड्या वेळाने काहीतरी लिहा. ‘शोधतेय अजून.’ ‘एक पुस्तक दिसतंय, बघते.’ ‘आहात ना?’ छोटी वाक्यं लिहा, परिच्छेद नको. पोरगं स्माइली टाकत असेल तर तुम्हीही टाका. रटगर्स विद्यापीठातल्या मारी रॅडफर्ड यांनी अशा चॅटच्या शेकडो नोंदी वाचून दाखवून दिलं की माहिती बरोबर असणं पुरत नाही, बोलण्याचा सूरही जुळावा लागतो. यात आश्चर्य काय म्हणा. आपल्याला व्हॉट्सॲपवर नुसतं ‘ओके’ आलं की आपण तासभर विचार करतो, चिडलाय का हा!

आणि या नोंदी म्हणजे नाजूक मामला. काउंटरवर विचारलेला प्रश्न हवेत विरतो. चॅटवरचा सर्व्हरवर राहतो, कधी कधी ईमेल पत्त्यासकट. एखाद्या मुलीने गर्भपाताबद्दल विचारलं असेल, कुणी नवऱ्याच्या मारहाणीबद्दल. अमेरिकेत २००१च्या पॅट्रियट कायद्यानंतर तर सरकार ग्रंथालयाच्या नोंदी मागू शकतं, ही भीती खरी झाली. बऱ्याच ग्रंथालयांनी मग ठरवलं की ठरावीक काळाने नाव-पत्ता पुसून टाकायचा. जे आपल्याकडे नाहीच ते कुणी मागून नेऊ शकत नाही.

आता थोडं स्वतःचं सांगते, कारण हे सगळं मी नुसतं वाचलेलं नाही. १८९७च्या पुण्याच्या प्लेगवर काम करत होते. एका परदेशी विद्यापीठाच्या लायब्ररीचं चॅट रात्री साडेदहाला उघडलं. तिकडे दुपार. सगळ्यात आधी विचारलं गेलं, तुम्ही इथल्या विद्यार्थी आहात का? नाही म्हटलं. तर उत्तर आलं, मग आमचे पैसे भरून घेतलेले डेटाबेस तुम्हाला उघडून देता येणार नाहीत, पण वाट दाखवता येईल. ही मर्यादा तुम्हीही गृहीत धरा. काही ठिकाणी बाहेरच्यांना नम्रपणे नाहीही म्हणतात.

मी लिहिलं, पुण्याच्या प्लेगबद्दल जे काही असेल ते हवंय. तिकडून प्रश्न, ‘सरकार काय म्हणत होतं ते हवंय, वर्तमानपत्रं काय म्हणत होती ते, की लोक?’ मी बसले विचार करत. प्रामाणिकपणे सांगायचं तर तोवर मी या तीन गोष्टी वेगळ्या काढल्याच नव्हत्या. मी लिहिलं, वर्तमानपत्रं. मग तिने मला मुंबई इलाख्याच्या सरकारी ‘नेटिव्ह न्यूजपेपर्स’च्या अहवालांबद्दल सांगितलं. मराठी, गुजराती पत्रांत काय छापून येतंय याचा इंग्रजी गोषवारा सरकारी भाषांतरकार दर आठवड्याला तयार करायचे. आणि लगेच इशाराही दिला की, हे लोकांचं म्हणणं नाही बरं, सरकारला त्यातलं जे महत्त्वाचं वाटलं ते आहे, तेही भाषांतरात. मी विचारलं, हे मला कुठे बघायला मिळेल? तर तिकडून आलं, ‘तुमच्यापासून मुंबई किती लांब आहे?’

मला हसूच फुटलं. काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं राज्य पुराभिलेखागार आहे. मी त्याच्यासमोरच्या फुटपाथवरून शंभर वेळा गेलेय. साता समुद्रापलीकडच्या बाईंनी मला डेक्कन क्वीनने जाऊन या असं सांगितलं.

हे सगळं आज सांगायचं कारण वेगळं आहे. प्रश्नोत्तरांची दुकानं याआधीही आली आणि गेली. गुगलने २००२मध्ये पैसे घेऊन उत्तरं द्यायला सुरुवात केली होती, प्रश्नाची किंमत २ ते २०० डॉलर, विचारणाऱ्यानेच ठरवायची. २००६च्या शेवटी ती सेवा गुंडाळली. याहू आन्सर्स २००५ला आलं, २०२१ला गेलं. ग्रंथालयांची खिडकी या दोघांपेक्षा जास्त टिकली. पण २०२२च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं आणि आता चॅट म्हटलं की लोकांना तेच आठवतं. मी स्वतः वापरते, नाही म्हणत नाही. पण त्याची एक खोड बघा. तुम्ही लिहिलंत ‘घोड्यांबद्दल माहिती हवी’, की ते बहुतेक वेळा लगेच सुरू होतं, घोड्यांच्या जाती, घोड्यांचा आहार, दहा मुद्दे. ‘कशासाठी हवंय?’ हे आपणहून क्वचितच विचारतं. टेलरची चौथी पायरी, ती तडजोडीची, तिलाच ते खरं धरतं आणि तिथेच आपल्याला सोडून देतं.

दुसरी खोड जास्त महागात पडणारी. २०२३पासून ठिकठिकाणच्या ग्रंथपालांनी सांगायला सुरुवात केली की त्यांच्याकडे एक नवीनच प्रकारची विचारणा येतेय. विद्यार्थी एका लेखाचं नाव देतो. लेखक खरा असतो, नियतकालिक खरं असतं, वर्ष, खंड, पान क्रमांक, सगळं व्यवस्थित. फक्त तो लेख कधी कुणी लिहिलेलाच नसतो. मशीनने रचलेला असतो. आता नसलेली गोष्ट नाहीये हे सिद्ध करायला किती वेळ लागतो, कल्पना करा. त्या अंकाची अनुक्रमणिका बघायची, लेखकाची यादी बघायची, दोन-तीन सूच्या चाळायच्या. मग त्या पोराला न दुखवता सांगायचं की हा लेख अस्तित्वात नाही. आणि त्यानंतर परत पहिल्यापासून : बरं, तुला मुळात शोधायचं काय होतं?

राहिला आपला प्रश्न. मराठीत अशी खिडकी आहे का? महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, अ-ब-क-ड वर्गांतली हजारो मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत. पण या कायद्यात ग्रंथालय कर नाही, सगळं अनुदानावर, आणि बहुतेक ठिकाणचे कर्मचारी तुटपुंज्या पैशांवर काम करतात. त्यांना आता रात्री चॅटवरही बसा म्हणणं म्हणजे चेष्टा होईल. पण माणसं कमी पडली म्हणून कामाची परंपरा नव्हती असं मात्र नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची जवळजवळ एकहाती केली. १९४०च्या दशकात ती छापून आली. आजही कुणी जुन्या मराठी पुस्तकाबद्दल विचारलं की जाणता ग्रंथपाल आधी दात्यांकडे जातो. न्यूझीलंडमध्ये शाळकरी मुलांसाठी अशीच एक ऑनलाइन सेवा निघाली होती, आणि तिला माओरी भाषेतलं भावंडही होतं. माओरी बोलणारे मराठी बोलणाऱ्यांच्या मानाने मूठभर. म्हणजे भाषा लहान की मोठी, यावर हे अडत नाही.

तोवर काय करायचं? लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘ग्रंथपालाला विचारा’ हा फॉर्म जगातल्या कुणालाही भरता येतो. त्यांचं दिल्लीतलं ऑफिस १९६०च्या दशकापासून भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन तिकडे पाठवतंय, मराठीही त्यात भरपूर. उत्तर लगेच येत नाही, काही दिवस लागतात, पण ते माणसाने लिहिलेलं असतं. लिहिताना ‘इतिहासाबद्दल माहिती हवी’ असं लिहू नका. कशासाठी हवंय, कधीपर्यंत हवंय, आतापर्यंत काय काय बघून झालंय, हे चार ओळींत लिहा. आणि उलट प्रश्न आला तर वैतागू नका, त्याचं नीट उत्तर द्या.

आणि गावातल्या वाचनालयाचा फोन नंबर मोबाइलमध्ये नसेल तर तो आधी सेव्ह करा. बहुतेक ठिकाणी दुपारी बंद असतं, संध्याकाळी पाचनंतर लावा.

पुढच्या एपिसोडमध्ये मोडी लिपी. तोवर नमस्कार.